मारियाशी आयडिया जुळते, मग मलेरिया का नाही?

मराठी कानाला विचाराल तर उत्तर सोपं आहे. मारिया आणि मलेरिया: दोन्हीच्या शेवटी 'रिया', यमक पक्कं. मारिया आणि आयडिया: इथे नुसतं 'इया' जुळतं, 'र'चा पत्ता नाही, म्हणजे यमक जरा ढिलं. इंग्रजी कानाचा निकाल नेमका उलटा लागतो. त्याच्या लेखी मारिया–आयडिया हे चोख यमक, आणि मारिया–मलेरिया हे यमकच नव्हे. शेपटी सारखी आहे, एवढंच.

गोंधळ होतो तो या दोन गोष्टींत: शेवट सारखा असणं आणि यमक जुळणं. मराठीत त्या बहुतेक वेळा एकच असतात. 'येतो–जातो' इथे फक्त 'तो' जुळतो, तरी आपल्या ओळी खुशाल चालतात. मराठीत शब्दाचा शेवट मोकळेपणाने, पूर्ण उच्चारला जातो, त्यामुळे जे काही जुळायचं ते मागून पुढे मोजायची सवय कानाला लागलेली असते. इंग्रजीत मोजणी शेवटापासून सुरू होत नाही, आघातापासून होते. एकापेक्षा जास्त अक्षरांच्या इंग्रजी शब्दात एखादं अक्षर ठासून म्हटलं जातं आणि बाकीची त्याच्या सावलीत राहतात. (अक्षर म्हणजे इथे उच्चाराचा एक तुकडा, लिहिलेलं चिन्ह नव्हे.) यमकाचा नियम असा: मुख्य आघाताचा स्वर पकडा, तिथून शब्दाच्या टोकापर्यंतचा सगळा आवाज सारखा हवा, आणि त्या स्वराआधीचं व्यंजन किंवा जोडव्यंजन मात्र वेगळं हवं.

आता तीनही शब्द कापून बघू. मारियाचा इंग्रजी उच्चार 'म-री-अ', आघात 'री'वर. 'र' बाजूला काढला की हातात उरतं 'ईअ'. आयडियाचा उच्चार 'आय-डी-अ', आघात 'डी'वर, उरतं 'ईअ'. जुळलं. मलेरिया मात्र 'म-ले-रि-अ', आघात 'ले'वर, आणि उरतं 'एरिअ'. एकीकडे आघातानंतर एकच अक्षर, दुसरीकडे दोन. स्वरही वेगळा. यांची तुलनाच होत नाही.

आपल्याला फसवतं ते देवनागरी लेखन. आपण मारिया, मलेरिया, बॅक्टेरिया, एरिया, कॅफेटेरिया असं लिहितो आणि प्रत्येकाच्या शेवटी ठसठशीत 'या' येतो. इंग्रजीत तिथे 'या' नसतोच. असतो तो तोंडातल्या तोंडात पुटपुटलेला, अर्धवट 'अ'. इतका अशक्त आवाज यमकाचा भार पेलू शकत नाही, म्हणून इंग्रजी कान त्याची दखल घेतो ती फक्त मागून ओढल्या जाणाऱ्या डब्यासारखी. इंजिन पुढे, आघाताच्या जागी.

रोमन लिपीही काही कमी फसवत नाही. मारिया या नावातलं पहिलं रोमन अक्षर पुसलं तर उरतो 'आरिया', म्हणजे ऑपेरातलं एकल गीत. लेखनात पाचपैकी चार अक्षरं सारखी, तरी यमक नाही, कारण आरियाचा आघात पहिल्याच अक्षरावर: 'आ-रि-अ'. याहून मजेशीर उदाहरण चंद्रावर आहे. चंद्रावरच्या काळसर सपाट प्रदेशांना लॅटिनमध्ये 'मारे', म्हणजे समुद्र, म्हणतात आणि त्याचं अनेकवचन लिहिताना हुबेहूब मुलीच्या नावासारखंच लिहितात. पण ते 'मा-रि-अ' असं, पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात. त्यामुळे चंद्रावरचे मारिया आरियाशी जुळतात, आणि माणसाची मारिया आयडियाशी. लेखन तेच, यमकाचं घराणं वेगळं.

हा फरक लॅटिनमधूनच आला आहे. लॅटिनमध्ये शेवटून दुसरं अक्षर जड (गुरू) असेल तर आघात त्यावर, हलकं (लघू) असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. समुद्रवाचक शब्दातला 'रि' ऱ्हस्व, म्हणून आघात मागे 'मा'वर सरकतो. मुलीचं नाव मात्र हिब्रू 'मिर्याम'वरून ग्रीकमार्गे आलं आणि ग्रीकमधला 'री'वरचा आघात सोबत घेऊन आलं. गंमत अशी की प्राचीन रोममध्ये 'मारियस' हे कुळनाम होतं आणि त्या कुळातल्या मुलीला मारियाच म्हणत. सात वेळा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी) झालेला गायस मारियस याच कुळातला. त्या रोमन मारियाचा आघात पहिल्या अक्षरावर होता. म्हणजे लॅटिनमध्येही एकाच लेखनाच्या दोन मारिया होत्या.

मारियस या पुरुषी नावाने इंग्रजीतही पहिल्या अक्षरावरचा आघात टिकवला, म्हणून त्याचे सोबती अगदी निराळे. 'व्हेरियस', 'हिलेरियस', 'प्रिकेरियस', 'नेफेरियस', 'ग्रिगेरियस', शिवाय राशींमधले 'अक्वेरियस' आणि 'सॅजिटेरियस'. अट एकच: नावातला पहिला स्वर 'मे'कडे झुकवून म्हणायचा. ब्रिटिश उच्चारात तो पुष्कळदा 'मॅ' होतो आणि मग हे यमक किंचित घसरतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे दोन स्वर एकच झाले आहेत, तिथे प्रश्न येत नाही. 'सीरियस', 'क्युरियस', 'ग्लोरियस' हे शब्द मात्र मारियसशी कुठल्याच उच्चारात जुळत नाहीत. शेपटी 'रियस' असली तरी आघाताचा स्वर ई, उ, ओ असा बदलत जातो. उलट 'कॅल्केरियस', म्हणजे चुनखडीयुक्त, याचं स्पेलिंग शेवटी वेगळं असूनही तो बिनचूक जुळतो. 'एरियाज' हा अनेकवचनी शब्द जुळेल असं वाटतं, पण त्याच्या टोकाला 'स' नसून 'झ' आहे.

आता मारियाची खरी यमकं. 'पॅनसिया', म्हणजे रामबाण उपाय (पॅ-न-सी-अ, आघात 'सी'वर), 'ऑनोमॅटोपिया', नाट्यकथेतली 'मिडिया', 'जुडिया', 'सोफिया' (नवा उच्चार धरला तर), 'सांग्रिया', देशांपैकी 'टान्झानिया'. टान्झानियाच्या शेजारी 'रोमानिया' ठेवून बघा: लेखनात शेवटची चार अक्षरं तीच, पण रोमानियाचा आघात 'मे'वर, त्यामुळे तो बाद. 'टॉर्टिया'मध्ये शेवटी बारीकसा 'य' येतो, पण तो कानाला टोचत नाही, चालतो. दोन शब्द जोडूनही यमक साधता येतं. ओळीच्या शेवटी 'बी अ' किंवा 'सी अ' आणून नाम पुढच्या ओळीत ढकललं की 'ईअ' आपोआप तयार होतं. गंभीर कवितेत हे हसू आणतं, विनोदी कवितेत हवंच असतं.

इथे एक बारीक सापळा आहे आणि यमक शोधणारे बहुतेक जण त्यात अडकतात. 'कोरिया', 'पिझरिया', 'डायरिया' हे तिन्ही शब्द आघातापासून पुढे मारियाशी तंतोतंत जुळतात. मराठी कान तर खूशच होईल, कारण 'रिया'सकट जुळलं. पण इंग्रजी नियमात आघाताच्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं हवं, आणि इथे दोन्हीकडे 'र'च आहे. 'री'शी 'री' जुळवणं म्हणजे शब्दाशी तोच शब्द जुळवल्यासारखं. इंग्रजीत ते कच्चं समजतात. फ्रेंच कवितेत नेमकी हीच जुळणी श्रीमंत यमक म्हणून मिरवते. इंग्रजीत लिहायचं असेल तर कोरिया अडीअडचणीला ठेवा, पहिली पसंती पॅनसियाला द्या. सांग्रियात 'र'च्या आधी 'ग' आहे, म्हणून तो सुटतो.

मलेरिया कुणाशीच जुळत नाही असं नाही. त्याचं बिऱ्हाड वेगळं आहे, इतकंच. 'एरिया', 'बल्गेरिया', 'बव्हेरिया' हे त्याचे खरे जोडीदार, तिघांचंही 'एरिअ'. 'बॅक्टेरिया', 'कॅफेटेरिया', 'क्रायटेरिया', 'हिस्टेरिया', 'नायजेरिया' यांना आपण 'टे', 'जे' लिहितो खरं, पण इंग्रजीत तिथे 'टी', 'जी' म्हणतात, म्हणून ते आपापसात 'ईरिअ'वर जुळतात. मलेरियाशी नाही आणि मारियाशी तर नाहीच. 'व्हिक्टोरिया', 'ग्लोरिया', 'युफोरिया' हे तिसरं टोळकं. देवनागरीत ही सगळी मंडळी एकाच रांगेत उभी राहतात आणि तिथेच घोटाळा होतो.

मारियाचा एक जुना इंग्रजी उच्चारही आहे: 'म-राय-अ'. पोलिसांच्या कैदी नेण्याच्या गाडीला 'ब्लॅक मराया' म्हणतात त्यात तो टिकून आहे, आणि शेवटी मूक 'एच' जोडून लिहिलेल्या नावात तो स्पष्ट होतो. हा उच्चार धरला की यमकांची यादी पूर्ण बदलते: 'मेसाया', 'जेरेमाया', 'पपाया', 'जंबालाया', 'माया'. 'परायाह' इथेही 'र'च्या सापळ्यात सापडतो. 'हिमालया' जुळेल असं वाटतं, पण इंग्रजीत तो सहसा 'हिमलेअ' होतो. 'व्हाया' हा शब्द मात्र बहाद्दर आहे. त्याचे 'व्हाय-अ' आणि 'व्ही-अ' असे दोन्ही उच्चार प्रचलित आहेत, त्यामुळे मारिया कशीही म्हणा, हा तिच्याशी जुळतो. कवितेत मारिया कोणती हे ठरवायचं असेल तर जोडीचा शब्द बघा. तिथे आयडिया आहे की मेसाया, यावरून कवीच्या कानातला उच्चार कळतो.

प्रांतभेदाचा हिशेबही ठेवावा लागतो. दक्षिण इंग्लंडमध्ये सहसा शब्दाच्या टोकाचा 'र' उच्चारत नाहीत, म्हणून तिथे 'फायर', 'हायर', 'लायर' हे मरायाशी जुळू शकतात आणि 'पिक्युलियर' हा ज्युलियाशी झकास बसतो. बहुतेक अमेरिकी कानांना तिथे ठळक 'र' ऐकू येतो, यमक मोडतं. उलट बाजूने, जुन्या ब्रिटिश उच्चारात आयडियाचं 'डिअ' एका दमात म्हणतात, 'निअर' आणि 'बिअर'च्या जवळ जाणारं, आणि मारियाचं 'री-अ' दोन पावलांत. तिथे मारिया–आयडिया थोडं सैल पडतं. अमेरिकेत ते घट्ट बसतं. लिहिताना वाचक कुठला आहे हे आधी ठरवलेलं बरं.

तपासायचं कसं? शब्दकोशातला उच्चार उघडा आणि उभी बारीक रेघ शोधा. रेघ वर असेल तर मुख्य आघात, खाली असेल तर दुय्यम. पॅनसियाला दोन्ही आहेत: खालची 'पॅ'पूर्वी, वरची 'सी'पूर्वी. खालची धरून कापलं की सगळं चुकतं. दुसरी चूक जागेची: ध्वनिलिपीत रेघ आघाताच्या अक्षराआधी येते, पण काही अमेरिकी कोश आपल्या पद्धतीत ती खूण अक्षरानंतर देतात. कोशाच्या सुरुवातीची उच्चारसूची एकदा डोळ्याखालून घाला. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोफत उच्चारकोश अमेरिकी उच्चार देतो आणि प्रत्येक स्वरापुढे आकडा लावतो: १ मुख्य, २ दुय्यम, ० आघात नाही. १ सापडला की तिथून शेवटापर्यंतची चिन्हं दोन शब्दांत पडताळायची. ती एकसारखी असतील आणि आधीचं व्यंजन वेगळं असेल तर यमक झालं. संगणकावर नुसत्या स्पेलिंगच्या शेवटच्या तीन अक्षरांवरून शोध घेतलात तर मलेरिया, बॅक्टेरिया, कॅफेटेरिया असा पूर येईल आणि पॅनसिया हाती लागणारच नाही.

कोश जवळ नसेल तर ओळ मोठ्याने म्हणून बघा. 'देअर वन्स वॉज अ गर्ल कॉल्ड मारिया, हू हिट ऑन अ स्प्लेंडिड आयडिया.' प्रत्येक ओळीत टाळी तीनदा पडते: पहिलीत वन्स, गर्ल, री; दुसरीत हिट, स्प्लेन, डी. तिसऱ्या टाळीनंतर दोन्ही ओळींत एकच अशक्त 'अ' उरतो. आता दुसरी ओळ बदला: 'हू सफर्ड फॉर यिअर्स फ्रॉम मलेरिया.' तिसरी टाळी 'ले'वर पडते आणि मागे 'रि-अ' अशी दोन अक्षरं लोंबकळतात. ओळ वाचणारा तिथे अडखळतो, किंवा कवीची अब्रू राखायला 'मल-रीया' म्हणतो. आघात असा मुरगळून जुळवलेलं यमक विनोदी कवितेत मुद्दाम वापरतात, पण हसू तेव्हाच येतं, जेव्हा वाचकाला खरा आघात कुठे होता हे माहीत असतं.