अख्खी धान्ये, आहारातील तंतू आणि रक्तवाहिन्या

कोंडा, अंकुर आणि पिठूळ गर हे दाण्याचे तिन्ही भाग मूळ प्रमाणात राखलेल्या धान्याला अख्खे धान्य म्हणतात. गहू, जव, ओट, राय, ज्वारी, बाजरी, मका, बिनसडीचा तांदूळ ही त्याची उदाहरणे. दाणा दळला तरी तिन्ही भाग पिठात उतरले असतील तर ते पीठही अख्ख्या धान्याचेच. मैदा करताना कोंडा आणि अंकुर वेगळे काढले जातात. त्यांच्याबरोबर बहुतेक तंतू आणि बरेचसे मॅग्नेशियम, पोटॅशियम व ब गटातील जीवनसत्त्वे निघून जातात आणि मुख्यतः स्टार्च उरतो.

मानवी लहान आतड्यातील पाचकरसांना ज्यांचे विघटन करता येत नाही, अशी वनस्पतिजन्य कर्बोदके म्हणजे तंतू. दीर्घकाळ त्यांना निव्वळ चोथा समजले गेले. 'आहारातील तंतू' ही संज्ञा एबेन हिप्सली यांनी १९५३ मध्ये वापरली. आफ्रिकेत काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट आणि वैद्य ह्यू ट्रोवेल यांनी १९७०च्या दशकात तंतूंची कमतरता आणि पाश्चात्त्य देशांतील आजार यांचा संबंध मांडला. आफ्रिकी आणि पाश्चात्त्य अशा दोन समाजांची तुलना करून कारण सिद्ध होत नाही. तरीही पुढच्या बऱ्याचशा संशोधनाला त्यांच्या प्रश्नातूनच चालना मिळाली.

रक्तवाहिन्यांवरील परिणामाची सर्वांत नीट उलगडलेली साखळी यकृतापासून सुरू होते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात येऊन चरबीच्या पचनाला मदत करतात आणि बहुतांश पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. ओट व जवातील बीटा-ग्लुकन हे तंतू किंवा इसबगोल पाण्यात फुगून दाट, चिकट होतात. त्या दाट मिश्रणात पित्ताम्ले अडकतात आणि मलावाटे बाहेर जातात. तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते. हेच एलडीएल धमनीच्या आतल्या भिंतीत साचून थर बनवते, म्हणून त्याचे प्रमाण घटणे महत्त्वाचे. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनने ते साधारण ५ टक्के उतरते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांपुढे ही घट लहान आहे, आणि औषध थांबवून ओट खाणे चुकीचेच. ओटच्या पाकिटावर हृदयविकाराच्या धोक्याविषयी दावा छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली, ती याच आधारावर.

चिकट तंतूंमुळे जेवणानंतरची साखरही सावकाश वाढते. साखर वारंवार फार चढली की धमनीचे अस्तर वाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू कमी तयार करते आणि वाहिनी सैल होणे अवघड जाते. मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतू आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले तयार करतात. त्यांचा रक्तदाब आणि दाह यांच्याशी असलेला संबंध प्राण्यांत अधिक स्पष्ट दिसला आहे.

गव्हाच्या कोंड्यातील न विरघळणारे तंतू मात्र कोलेस्टेरॉल जवळपास उतरवत नाहीत. तरीही दीर्घकालीन पाहण्यांत धान्यातले तंतू जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार कमी आढळतो. याचे श्रेय एकट्या तंतूंना देता येत नाही: सोबतची खनिजे, दाण्याची घट्ट रचना आणि असे खाणाऱ्यांच्या इतर सवयीही त्यात असाव्यात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी धान्यतंतू वाढवण्याचा सल्ला मिळालेल्यांत मृत्यू घटले नाहीत. याउलट २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या, १८५ निरीक्षण-अभ्यास आणि ५८ चाचण्यांच्या आढाव्यात, अधिक तंतू खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू १५ ते ३० टक्के कमी दिसले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस करते.

गडद रंग किंवा 'मल्टिग्रेन' हा शब्द अख्ख्या धान्याचा पुरावा नाही. घटकांच्या यादीत पहिले नाव कोणते, ते पाहावे. तंतू हळूहळू आणि पुरेशा पाण्याबरोबर वाढवावेत, नाहीतर पोट फुगते. सीलिॲक रोगात, म्हणजे ग्लुटेन या धान्यातील प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारात, गहू, जव व राय वर्ज्य असतात, आतडे अरुंद झालेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि इसबगोल काही औषधांचे शोषण घटवत असल्याने ते व औषध यांत अंतर ठेवावे.