कॅरेक्टरांचा तोल : नवं कॅम्पेन सुरू करणाऱ्या गटांसाठी

आमच्याकडे रविवारचं टेबल घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स या कॅरेक्टर घेऊन खेळायच्या फाशांच्या खेळाचं लांब पल्ल्याचं कॅम्पेन (अनेक आठवडे चालणारी मोहीम) सुरू करणाऱ्या गटांसाठी हे पत्रक आहे. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा) आमचा असो की तुमच्यातलाच कुणी, पहिल्या सेशनआधी ते सगळ्यांनी वाचावं ही विनंती.

चार-पाच जणांच्या गटात काही आठवड्यांनी एखादा खेळाडू मोबाइलमध्ये डोकं घालून बसायला लागतो. बहुतेकदा त्याला खेळाचा कंटाळा आलेला नसतो. त्याचं कॅरेक्टर जे करतं ते शेजारच्याचं कॅरेक्टर जास्त चांगलं करतं, आणि त्याची पाळी येईपर्यंत करण्यासारखं काही उरत नाही. आमच्या मते तोलाची कसोटी एवढीच : प्रत्येक कॅरेक्टरवाचून पार्टीचं (सगळ्या कॅरेक्टरांच्या टोळीचं) कधी ना कधी अडलं पाहिजे.

सुरुवातीचे आकडे

कॅरेक्टरच्या प्रत्येक क्षमतेचा आकडा ठरवायला सहा बाजूंचे चार फासे टाकायचे आणि सगळ्यात लहान आकडा सोडायचा, ही पद्धत अनेकांच्या आवडीची आहे. तिची सरासरी सव्वाबाराच्या आसपास येते. पण एकट्या खेळाडूच्या वाट्याला सरासरी येईलच असं नाही. एका फायटरची (लढवय्याची) स्ट्रेंग्थ (ताकद) १८ आली आणि दुसऱ्याची १३, तर फाशात मिळवायचा एकाचा बोनस +४ आणि दुसऱ्याचा +१. वीस बाजूंच्या फाशावर तीनचा फरक म्हणजे शंभरात पंधरा वार जास्त नेमके बसणार, आणि हा फरक लेव्हलमागून लेव्हल सोबत राहतो.

म्हणून लांब कॅम्पेनला आम्ही २७ पॉइंटांचं पॉइंट-बाय (ठरलेल्या पॉइंटांत क्षमता विकत घेणं) वापरायला सांगतो. प्रत्येक क्षमता ८ पासून सुरू होते. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट, १४ आणि १५ साठी दोन-दोन. हिशेब नको असेल तर १५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार आकडे हवे तसे वाटून घ्या. त्यांचीही किंमत बरोबर २७ होते. एका दुपारचाच खेळ असेल तर खुशाल फासे टाका, त्यात वेगळी मजा आहे.

फायटर, विझार्ड आणि विश्रांती

१९७४च्या मूळ खेळात दुसऱ्या लेव्हलला जायला फायटरला २,००० एक्सपीरियन्स पॉइंट लागत, जादूगाराला २,५००. पुढे भारी होणाऱ्याची वाट मुद्दाम लांब ठेवलेली होती. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना एकच तक्ता आला आणि तो लगाम सुटला. आता आमच्या टेबलांवर चालणाऱ्या २०१४च्या नियमांत हे काम मुख्यतः विश्रांती करते, आणि नेमकं तिथेच बहुतेक गटांचं गणित बिघडतं.

पाचव्या लेव्हलचं उदाहरण घ्या. विझार्डचा (जादूगाराचा) फायरबॉल हा मंत्र म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ डॅमेज (इजा), आणि तेही वीस फूट त्रिज्येतल्या सगळ्यांना; सेव्ह (बचावाचा फासा) जमली तर निम्मं. फायटरचे दोन वार, दोन्ही लागले तरी मोठ्या तलवारीने साधारण २२, आणि बहुधा एकाच शत्रूला. फायटर खेळणाऱ्याला वाईट वाटणं साहजिक आहे. पण विझार्डकडे असे फायरबॉल दिवसातून दोन, आर्केन रिकव्हरी (वापरलेली थोडी जादू परत मिळवणं) धरून फार तर तीन. फायटरची तलवार दिवसभर चालते आणि त्याचा अ‍ॅक्शन सर्ज (एका पाळीत जास्तीची कृती) तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर परत मिळतो. वॉरलॉक या दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराचे स्पेल स्लॉटही (मंत्र टाकण्याचा साठा) तसेच.

नियम लिहिणाऱ्यांनी दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये सहा ते आठ मध्यम किंवा अवघड चकमकी गृहीत धरल्या आहेत. आपल्या रविवारी दुपारच्या सेशनमध्ये दोन चकमकी झाल्या तरी खूप. मग सेशन संपलं की पार्टी झोपते, पुढच्या रविवारी विझार्ड ताजातवाना होऊन येतो आणि पहिल्याच फेरीत मैदान साफ करतो. यात खेळाडूचा काही दोष नाही.

यावर आमचा उपाय साधा आहे : सेशन संपलं म्हणून खेळातला दिवस संपत नाही. उरलेले स्पेल स्लॉट आणि हिट पॉइंट (किती जीव उरला तो आकडा) कॅरेक्टर शीटवर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. प्रवासाचं कॅम्पेन असेल, जिथे आठवड्यातून एखादीच लढाई होते, तिथे डीएमने शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करावी. हा पर्यायही अधिकृत नियमांतच दिलेला आहे.

जागेनेही तोल बदलतो. आमचे डीएम मोहिमेत अनेकदा सह्याद्रीतल्यासारखा एखादा गड आणतात. गोमुखी दरवाज्याच्या अरुंद वळणात फायटर एकटा वाट अडवून धरतो. तिथे आपलीच माणसं शत्रूत मिसळलेली असल्याने फायरबॉल टाकताना दहादा विचार करावा लागतो. चोरवाट ‘रोग’ला (चोरट्या कॅरेक्टरला) सापडते, आणि किल्लेदाराशी बोलणी करायला बार्ड (गाणारा-बोलका शाहीर) लागतो. मोकळ्या माळावरच सगळ्या लढाया ठेवल्या तर हे काहीच घडत नाही.

इतर थोडं

लेव्हल सगळ्यांची एकदम वाढते. परीक्षेमुळे किंवा ऑफिसमुळे कुणाचे रविवार चुकले, तरी तो मागे राहत नाही.

२०१४ आणि २०२४चे नियम एकाच टेबलावर मिसळू नका. सगळा गट २०२४चे नियम घेणार असेल तर आमची हरकत नाही, पण मग सगळ्यांनी तेच घ्यावेत.

जादूची शस्त्रं वाटताना डीएमने मागे पडलेल्या कॅरेक्टरचा विचार आधी करावा. आधीच भारी असलेल्याला आणखी एक अंगठी मिळाली नाही तरी त्याचं काही बिघडत नाही.

इंटरनेटवरून घेतलेला क्लास (फायटर, विझार्डसारखा कॅरेक्टरचा प्रकार) किंवा सबक्लास (त्याचा उपप्रकार) खेळायचा असेल तर त्याची प्रिंट आदल्या शुक्रवारपर्यंत काउंटरवर द्या. डीएम वाचून हो-नाही कळवतील. नाही म्हटलं तर कारणही सांगतील आणि त्याच कल्पनेचं कॅरेक्टर पुस्तकातल्या क्लासमधून तुमच्यासोबत बसून बनवून देतील.