प्रवासी जहाजाचं सांडपाणी प्रमाणपत्र: कोणाला लागतं, अर्जासोबत काय जोडायचं

जहाजावरच्या संडासाचं पाणी समुद्रात कुठे आणि कसं सोडायचं, याचंही एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असतं. जहाजवाले त्याला आयएसपीपी (इंटरनॅशनल सूएज पोल्युशन प्रिव्हेन्शन) म्हणतात. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारातल्या चौथ्या परिशिष्टानुसार ते मिळतं. हे परिशिष्ट २००३ साली लागू झालं आणि त्याची सुधारित आवृत्ती ऑगस्ट २००५ पासून अमलात आली.

कोणाला लागतं?

आंतरराष्ट्रीय प्रवास करणारं जहाज ४०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या एकूण जागेवरून काढलेलं आकारमान) किंवा त्याहून मोठं असेल, तर लागतंच. जहाज त्याहून लहान असलं, पण १५ पेक्षा जास्त माणसं नेण्याची परवानगी असेल, तरीही लागतं. या १५ मध्ये खलाशीही धरायचे, त्यामुळे परदेशी जाणारं प्रवासी जहाज सहसा यातून सुटत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो किंवा मांडवी नदीतल्या फेरीबोटी यात येत नाहीत. त्यांचे नियम देशातले, वेगळे.

आधी यंत्रणा, मग अर्ज

तीनपैकी एक व्यवस्था जहाजावर बसवलेली हवी: मान्यताप्राप्त सांडपाणी शुद्धीकरण यंत्र, म्हणजे एसटीपी, किंवा मैला बारीक करून जंतुनाशक मिसळणारी यंत्रणा आणि सोबत तात्पुरत्या साठवणीची सोय, किंवा सगळं सांडपाणी मावेल अशी साठवण टाकी. टाकी किती भरली हे डोळ्यांना दिसण्याची सोयही टाकीवर लागते. कुठली व्यवस्था आहे त्यावर पुढचं स्वातंत्र्य ठरतं. बारीक करून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडता येतो. प्रक्रिया न केलेला १२ मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर, आणि तोही जहाज किमान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने चालत असताना, थोडा थोडा.

‘थोडा थोडा’ म्हणजे किती, याचंही सूत्र आहे आणि अर्जदार बहुतेक इथेच अडखळतात. नॉटमधला वेग, मीटरमधला ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालेलं आहे ते) आणि रुंदी यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ०.००९२६ ने गुणायचं. ६ मीटर ड्राफ्ट आणि २५ मीटर रुंदीचं जहाज १० नॉटने जात असेल, तर तासाला जास्तीत जास्त १३.९ घनमीटर. टाकीतून थेट सोडणार असाल, तर वेगवेगळ्या वेगांसाठी असा तक्ता तयार करून मंजूर करून घ्यावा लागतो.

अर्ज कुठे, कागद कोणते?

भारतीय ध्वजाच्या जहाजांसाठी प्रशासन म्हणजे मुंबईतलं नौवहन महासंचालनालय. अशी प्रमाणपत्रं प्रशासन स्वतः देतं किंवा त्याने अधिकार दिलेल्या वर्गीकरण संस्थेमार्फत. पवईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही त्यातली आपली. आपल्या जहाजासाठी नेमका अर्ज कोणाकडे, हे आधी विचारून घ्या.

सोबत जहाजाची नोंदणी आणि टनेजची कागदपत्रं, यंत्राचं टाइप अप्रूव्हल (त्या नमुन्याच्या यंत्राला चाचणीनंतर मिळालेली मान्यता) प्रमाणपत्र, नळमार्गाचे आराखडे, टाकीच्या क्षमतेचा हिशोब आणि लागू असेल तर वरचा तक्ता तयार ठेवा. १ जानेवारी २०१६ पासून बसवलेल्या यंत्राची चाचणी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पर्यावरण समितीच्या एमईपीसी.२२७(६४) या ठरावानुसार झालेली हवी. बंदरात पाणी उपसून देण्यासाठीचा फ्लँज, म्हणजे नळ जोडायची चकती, ठरलेल्या मापाचाच लागतो: बाहेरचा व्यास २१० मिलिमीटर, चार भोकं.

माझ्या मते सगळ्यात आधी तपासायचा आकडा म्हणजे माणसांची संख्या. ती आयएसपीपीवर छापलेली असते. प्रवासी जहाजाच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर एक संख्या, इथे दुसरी, आणि यंत्राची क्षमता तिसऱ्याच संख्येची, असं असेल तर सर्व्हेयर कागद परत पाठवणारच. केबिन वाढवल्या असतील, तर क्षमतेचा हिशोब नव्याने करा.

तपासणी आणि मुदत

पहिल्या सर्व्हेत यंत्रणा प्रत्यक्ष पाहिली जाते, त्यानंतर प्रमाणपत्र मिळतं. मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं. इथे दरवर्षीचा सर्व्हे नाही, फक्त नूतनीकरणाचा. मोठी दुरुस्ती किंवा बदल झाला तर वेगळा. जुन्या प्रमाणपत्राच्या शेवटच्या ३ महिन्यांत नूतनीकरणाचा सर्व्हे करून घेतला, तर नवी ५ वर्षं जुन्या मुदतीच्या तारखेपासून मोजली जातात. त्याहून आधी केला तर उरलेले दिवस बुडतात. जहाजाचा ध्वज बदलला की जुनं प्रमाणपत्र संपलं.

बाल्टिक समुद्रात प्रवासी जहाजांना हे सगळं पुरत नाही. तिथे नायट्रोजन आणि फॉस्फरसही काढणारं यंत्र लागतं, नाहीतर सांडपाणी बंदरात उतरवून द्यायचं. नव्या जहाजांना हा नियम जून २०१९ पासून आहे, जुन्यांना जून २०२१ पासून. रशियाच्या काही बंदरांकडे थेट जाणाऱ्यांना २०२३ पर्यंत सवलत होती.

आणि हो, या प्रमाणपत्रात बेसिन, शॉवर, स्वयंपाकघर आणि लाँड्रीचं पाणी धरलेलं नाही. ते संडासाच्या पाण्यात मिसळलं तरच ‘सांडपाणी’ ठरतं. जहाजावरच्या दवाखान्याच्या बेसिनचं पाणी मात्र पहिल्यापासून धरलेलं आहे, तेव्हा तो नळ आराखड्यात दाखवायला विसरू नका.