चष्मा घरी राहिला तर

कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यात माथाडी कुटुंबं बरीच, आणि त्यांतल्या अनेकांची मुळं सातारा-सांगलीकडची. घरातलं म्हातारं माणूस आयसीयूत गेलं की गावाहून जीप भरून माणसं येतात आणि हॉस्पिटलच्या लॉबीत बसून राहतात. आत सोडतात एकाला, तेही ठरावीक वेळेला. तो आत जातो, "बरं वाटतंय का?" विचारतो, अंगावरच्या नळ्या पाहून गांगरतो आणि बाहेर येऊन "बोलले थोडंसं" एवढं सांगतो. त्या थोड्या वेळात नातेवाइकाने नेमकं काय करावं, याची बरीच माहिती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमली आहे. लॉबीपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

घरचे सर्वांत जास्त हादरतात त्या गोष्टीपासूनच सुरुवात करू. न्यूमोनियासाठी दाखल केलेले सत्तरीचे आजोबा. ताप उतरतोय, ऑक्सिजन सुधारतोय, आणि तिसऱ्या रात्री ते म्हणू लागतात की पडद्यावरून उंदीर पळतायत, सिस्टर सुईतून विष देतेय, मार्केटला गाडी लागलीय, मला सोडा. सलाइन उपसून काढतात. जुनी माणसं म्हणतात वात झाला. नातू मोबाइलवर शोधून स्मृतिभ्रंशाचं निदान करून मोकळा होतो. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो; हे मात्र काही तासांत सुरू होतं आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतं. याला डिलिरियम म्हणतात. गंभीर आजारात मेंदूची लक्ष देण्याची क्षमताच ढासळते, आणि लक्ष ढासळलं की आठवण, भाषा, दिवस-रात्रीचं भान हे सगळं मागोमाग जातं.

कारण सहसा एक नसतं. जंतुसंसर्गाशी लढताना शरीरात दाह वाढवणारी रसायनं तयार होतात, त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. त्यात ऑक्सिजन कमी, सोडियम कमी, झोपेची औषधं, दुखणं, लघवी अडकणं, अगदी बद्धकोष्ठसुद्धा. वर आयसीयूचं वातावरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाच्या खोलीत रात्रीचा आवाज ३० डेसिबलपर्यंत असावा. व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि पंपांच्या टूँ-टूँमध्ये आयसीयूत तो सहज ५०च्या वर असतो. रात्रभर दिवे चालू राहिले की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन मंदावतं. मुळात धडधाकट माणूसही तिथे चार दिवसांत तारीख विसरेल.

डिलिरियमचं दुसरं रूप अधिक फसवं. पेशंट गप्प पडून असतो, हाक मारली की डोळे उघडतो, पुन्हा मिटतो. घरचे म्हणतात, आज शांत आहेत. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, हा मात्र निसटतो. म्हणून अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉ. वेस्ली इली यांच्या गटाने २००१ साली एक सोपी चाचणी मांडली. नर्स एकेक करून दहा अक्षरं उच्चारते, ठरलेलं अक्षर आलं की पेशंटने तिचा हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाही असं समजायचं आणि पुढची तपासणी करायची. बोलावं लागत नसल्याने घशात नळी असलेल्या माणसालाही ती देता येते. घरच्यांकडे मात्र कोणत्याही चाचणीत नसलेली एक माहिती असते: हा माणूस एरवी कसा आहे. "बाबा असे कधीच वागत नाहीत" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घालणं ही तक्रार नव्हे, ते लक्षण सांगणं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, जी बहुतेक घरं लपवतात. पेशंट रोज दारू पीत असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. दारू एकाएकी बंद झाली की साधारण दोन ते चार दिवसांत थरथर, घाम आणि भास सुरू होऊ शकतात. त्याचे उपचार वेगळे आहेत. एरवी डिलिरियम वाढवणारी म्हणून टाळली जाणारी झोपेच्या गोळ्यांच्या जातीची औषधं इथे मुद्दाम द्यावी लागतात. सुनेसमोर कसं सांगायचं म्हणून सासूबाई गप्प बसल्या, तर डॉक्टर आंधळेपणाने उपचार करणार. रोजची झोपेची गोळी, तंबाखू-मिश्री हेही त्याच वेळी सांगून टाकावं.

आता चष्म्याकडे येऊ. येल विद्यापीठातल्या डॉ. शॅरन इनौये यांनी सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. हे रुग्ण आयसीयूतले नव्हते, साध्या वॉर्डातले होते. त्यांतल्या अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर काही अगदी घरगुती गोष्टी मिळाल्या: चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ, दिवसातून अनेकदा वार-तारीख सांगणं, वेळेवर पाणी, हाताला धरून चालवणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट पेय आणि पाठीला हलका मसाज. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत डिलिरियम १५ टक्क्यांना झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. मला या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना डिलिरियम एकदा झाला, त्यांच्यात या उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणजे चष्मा, श्रवणयंत्र, कवळी या वस्तू "शुद्धीवर आले की आणू" अशा नाहीतच. दाखल करतानाच्या पिशवीत आधार कार्ड आणि मेडिक्लेमच्या कागदांबरोबर त्या हव्यात, नाव लिहिलेल्या डबीत, कारण हॉस्पिटलात कवळ्या हमखास हरवतात.

येलमध्ये हे काम प्रशिक्षित कर्मचारी आणि स्वयंसेवक करत. आपल्याकडे ते करायला लेकी-सुना आहेत, फक्त आत गेल्यावर प्रश्नांची सरबत्ती थांबवायला हवी. "ओळखलं का मला?" ही परीक्षा घेऊ नये. "बाबा, मी सुनीता. आज गुरुवार, सकाळचे अकरा वाजलेत. तुम्ही वाशीला हॉस्पिटलात आहात, छातीत कफ झालाय, उतरतोय." असं सरळ सांगावं, आणि पुढच्या भेटीत पुन्हा सांगावं. उंदीर दिसतायत म्हणाले तर वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. "मला दिसत नाहीत, पण मी इथेच आहे" एवढं पुरतं.

मग नातेवाइकांना दिवसभर आतच बसू दिलं तर? ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत हे करून पाहिलं आणि निष्कर्ष २०१९ साली आले. रोज बारा तासांपर्यंत भेटीची मुभा दिल्याने डिलिरियम लक्षणीय घटला नाही. पण संसर्गही वाढला नाही, आणि घरच्यांमधली चिंता व नैराश्य मात्र कमी झालं. या दोन अभ्यासांवरून माझं मत असं, की नुसतं उशाशी बसून फारसं काही होत नाही. तिथे असताना काय करता त्याने फरक पडतो. त्यामुळे गावाहून आलेल्या सहा जणांनी आळीपाळीने डोकावण्यापेक्षा रोज तीच दोन माणसं आत गेलेली बरी. पेशंटलाही ओळखीचा आवाज तोच राहतो आणि डॉक्टरांनाही रोज पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

स्नायूंचं गणित आणखी कठोर आहे. लंडनमधल्या २०१३च्या एका अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीतल्या एका प्रमुख स्नायूचं छेदक्षेत्र, म्हणजे तो आडवा कापला तर दिसेल तेवढं क्षेत्रफळ, सोनोग्राफीने मोजलं. दहा दिवसांत ते जवळपास १८ टक्क्यांनी घटलं होतं. आयसीयूतून आलेल्या माणसाला साध्या खुर्चीवरून उठवत नाही, ते यामुळे. लवकर हालचाल सुरू केल्याचे फायदे दिसले आहेत, पण २०२२ साली ७५० रुग्णांवरच्या चाचणीत जास्त जोर लावून हालचाल करवल्याने वेगळा लाभ झाला नाही, उलट हृदयाचे ठोके बिघडणं, ऑक्सिजन उतरणं असे प्रकार वाढले. तेव्हा किती आणि कधी हे फिजिओला ठरवू द्या. तेलाची बाटली घेऊन पाय रगडायला बसू नका. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

खाण्याबद्दलही आपली माया आडवी येते. घशातली नळी काढल्यावर काही दिवस गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. लपून भरवलेला पेजेचा चमचा श्वासनलिकेत उतरला, तर नवा न्यूमोनिया. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर ते रक्तात साठून हृदयाची लय बिघडवू शकतं. सिस्टरला विचारल्याशिवाय डब्यातलं काहीच देऊ नये.

डिस्चार्जनंतर लोक पेढे वाटतात आणि आजार संपला असं धरतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ८२१ गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना हॉस्पिटलात डिलिरियम झाला होता. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्क्यांची आकलनशक्ती डोक्याला मध्यम इजा झालेल्या माणसाइतकी खाली होती. वर्षानेही ३४ टक्क्यांची तशीच. डिलिरियम जितका जास्त दिवस टिकला, तितकी ही घसरण मोठी. स्नायूंची दुर्बलता, विसरभोळेपणा, दचकून जागं होणं या सगळ्याला मिळून २०१२ पासून 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असं नाव आहे. घरच्यांनाही त्याची झळ बसते. फ्रान्समधल्या २००५च्या अभ्यासात पेशंट आयसीयूतून बाहेर पडून किंवा दगावून ९० दिवस झाल्यावरही नातेवाइकांपैकी ३३ टक्क्यांमध्ये आघातोत्तर तणावाची मध्यम ते तीव्र लक्षणं होती. रात्रीचं जागरण एकाच सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढं तरी लॉबीत बसलेल्यांना ठरवता येईल.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे उठणं-बसणं खालच्या मजल्यावरच ठेवावं; कोपरखैरण्याच्या रो-हाउसमधले ते अरुंद, उभे जिने अशा पायांसाठी नाहीत. पुन्हा धाप, ताप, एका पायाला सूज किंवा अचानक असंबद्ध बोलणं दिसलं तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट न पाहता १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि एटीएमचा पिन आठवत नाही म्हणून आजोबा चिडले, तर चिडू द्यावं. गावाकडच्या जमिनीच्या कागदांवर, एफडीच्या फॉर्मवर या दिवसांत त्यांच्या सह्या घेऊ नयेत. पुढच्या तपासणीला जाताना विसरण्याचे हे प्रसंग तारखेनिशी वहीत लिहून न्यावेत, म्हणजे डॉक्टरांना सुधारणा होतेय की नाही ते ताडून पाहता येईल.