शिवजयंतीची तारीख आली कुठून? १६२७ वरून १६३० पर्यंतचा कागदोपत्री प्रवास

दरवर्षी फेब्रुवारी आला की तोच वाद सुरू होतो, तारखेनं की तिथीनं, आणि त्यात कुणीतरी वैशाखातली जुनी जयंती पण आणून टाकतं आणि मग सगळाच घोळ होतो. खरं म्हणजे हे दोन वेगळे वाद आहेत. तारीख की तिथी हा कॅलेंडरचा प्रश्न, दोन्हीकडे दिवस एकच मानलेला आहे. वैशाख की फाल्गुन हा मात्र इतिहासाचा प्रश्न, कारण तिथे जन्माचं वर्षच बदलतं, थेट तीन वर्षांचा फरक पडतो. आणि तो प्रश्न सुटला तो भाषणांनी नाही, कागदांनी. ते कागद कुठले, कधी सापडले, त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा हे थोडं मागे जाऊन बघूया.

आधी जुनी तिथी. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ चा एप्रिल. ही बखरींतून आलेली. चिटणिशी बखर सगळ्यात जास्त वाचली जायची, पण ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, महाराजांच्या जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळानं. त्या मानानं सभासदाची बखर बरीच जुनी, राजारामांच्या काळात जिंजीला लिहिलेली, लेखक स्वतः महाराजांच्या पदरी होता, पण नेमकी जन्मतिथी तिच्यात नाहीये. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला त्यातही १६२७ च आहे, फक्त महिना मे. म्हणजे एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं, शाळेच्या पुस्तकात गेलं आणि पक्कं झालं. डफवर टीका नंतर बरीच झाली, नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी तर कॉलेजात असतानाच त्याच्या चुका काढल्या होत्या, पण जन्मतिथीला धक्का लागायला अजून बराच वेळ होता.

मधल्या काळात महाराष्ट्रात एक वेगळीच चळवळ उभी राहिली, कागद गोळा करायची. वि. का. राजवाडे हा माणूस गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांतली दप्तरं धुंडाळायचा, कुठे माळ्यावर, कुठे वाळवी लागलेल्या पेटीत, आणि लोक कागद दाखवायलाच तयार नसायचे कारण वतनाची भीती, यातून आपलं काही जाईल की काय. १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, पानिपतच्या आसपासच्या पत्रांचा, आणि प्रस्तावनेत त्यांनी त्या पत्रांच्या जोरावर बखरींची जी झाडाझडती घेतली ती आजही वाचण्यासारखी आहे. पुढे असे बावीस खंड झाले. स्वभाव विलक्षण तिरसट, पण काम बघितलं की तोंडात बोट. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, त्यातही राजवाडे होतेच. बखर काय म्हणते ते ठीक, पण त्या काळचा कागद काय म्हणतो, हा प्रश्न विचारायची सवय मराठी माणसाला लागली ती साधारण याच वीस-पंचवीस वर्षांत.

आणि मग १९१६. लोकमान्य टिळकांनी मंडळामार्फत 'जेधे शकावली' प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख म्हणजे अफजलखानाच्या स्वारीत महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेल्या कान्होजींचं घराणं, त्यांच्याकडून हे बाड आलं. शकावली म्हणजे काय तर वर्षवार नोंदी, या शकात या तिथीला अमुक झालं, बस्स. पाल्हाळ नाही, देव स्वप्नात येऊन दृष्टांत देत नाहीत, हे महत्त्वाचं. त्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, वर घटी आणि पळं सुद्धा दिलीयेत, आणि त्या दिवशी शिवाजीराजे शिवनेरीस उपजले अशी सरळ नोंद.

आता कुणीही म्हणेल की एका घराण्याच्या बाडात असं लिहिलंय म्हणून लगेच बखर खोटी कशी? बरोबर आहे, त्यात आपल्याकडे आहे ती नक्कलच. म्हणून क्रॉसचेक. पहिली गोष्ट म्हणजे शुक्रवार. तिथी, वार, नक्षत्र आणि संवत्सर हे चारही एकमेकांशी जुळायला लागतात, मागचं पंचांग मांडून बघता येतं, आणि इथे ते जुळतं. अंदाजानं तारीख ठोकून देणाऱ्याला वार बरोबर लागणं अवघड. दुसरं म्हणजे याच शकावलीतल्या बाकीच्या नोंदी, अफजलखानाचा वध वगैरे, त्या इंग्रजांच्या आणि फारसी कागदांशी ताडून बघितल्या तर पुष्कळ ठिकाणी नीट बसतात, मग तिच्या जन्माच्या नोंदीवरही भरवसा वाढतो.

तिसरा पुरावा माझ्या मते सगळ्यात भारी. कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत', खुद्द महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेलं संस्कृत काव्य. त्याची पोथी तंजावरला होती, स. म. दिवेकरांनी ती १९२७ साली छापून काढली. त्यात शक आकड्यात नाही, शब्दांत दिलाय, भू बाण प्राण चंद्र. भू एक, बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असे शब्दांक उलटीकडून वाचायचे असतात पण १५५१ उलटा वाचा नाहीतर सुलटा, तोच राहतो, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. पुढे शुक्ल संवत्सर, शिशिर ऋतू, फाल्गुन, कृष्ण पक्ष, तृतीया, रात्रीची वेळ. कारीच्या देशमुखांचं बाड आणि तंजावरची पोथी, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तिथी तीच! शिवाय राजस्थानात जोधपूरला जुन्या कुंडल्यांचा एक संग्रह मिळाला, त्यातही शिवाजीराजांची कुंडली निघाली आणि तीही याच तिथीकडे बोट दाखवते. तीन दिशांनी आलेले तीन कागद.

इतकं असूनही सरकारी मोहोर लागायला वेळ लागलाच. १९६६ साली राज्य सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यात एकमत झालं नाही, मग जुनीच तिथी पुढे ढकलली गेली आणि कॅलेंडरवाले तीच छापत राहिले. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत झाली ती २००० च्या सुमारास. शिवभारत छापून झाल्यावरही सत्तर-बहात्तर वर्षं, काय म्हणायचं आता.

एक छोटी अडचण बऱ्याच जणांना येते, शकात ७८ मिळवले की इसवी सन, मग १५५१ चं १६२९ व्हायला हवं ना? नाही, कारण शक चैत्रात बदलतो आणि फाल्गुन त्याचा शेवटचा महिना, तो जानेवारीच्या पुढे जातो, तिथे ७९ मिळवायचे.

आणि ज्यांना तारखेचाच आग्रह आहे त्यांच्यासाठी अजून एक. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, इंग्रज तेव्हा तेच वापरायचे, १७५२ पर्यंत. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरनं तोच शुक्रवार १ मार्च १६३० ला पडतो. पण म्हणून उद्या कुणी १ मार्चची मागणी घेऊन बसू नका प्लीज, कारण मग राज्याभिषेकाची ६ जून १६७४ पण दहा दिवस पुढे सरकवावी लागेल आणि अफजलखान वधाची १० नोव्हेंबर १६५९ पण, त्या सगळ्या तारखा त्याच जुन्या हिशेबातल्या आहेत.