तोंड धुताना तोल का जातो?

"डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. हे तोंड धुताना एका हाताने बेसिन घट्ट धरून ठेवतात," काकू उठता उठता म्हणाल्या.

काका सहासष्ट वर्षांचे, राहायला ठाण्यात चरईला, बँकेतून निवृत्त झालेले. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, ही त्यांची तक्रार. मधुमेह चौदा वर्षांचा. मधुमेहाने पायांच्या नसा खराब होतात हे सर्वांनाच ठाऊक आहे. आधीच्या भेटीत मीही केसपेपरवर तेच लिहून मुंग्यांसाठी गोळी दिली होती. बेसिनचं ऐकलं आणि दोघांना पुन्हा बसायला सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील इथे एकत्र केले आहेत.)

आपण सरळ उभे राहतो ते तीन ठिकाणांहून मेंदूला सतत खबर पोचत असते म्हणून. एक खबर डोळ्यांची, दुसरी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची, तिसरी पायांच्या सांध्यांची आणि स्नायूंची. घोटा किती वाकला आहे, अंगठा कुठे टेकला आहे, ही तिसरी खबर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या तंतूंमधून वर जाते. ती येईनाशी झाली तरी डोळे बराच काळ वेळ मारून नेतात. पण तोंडावर पाणी मारताना माणूस वाकलेला असतो आणि डोळे मिटलेले असतात. तिथे उणीव उघडी पडते. पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचं, ही एकोणिसाव्या शतकातले बर्लिनचे डॉक्टर रॉम्बर्ग यांच्या नावाची तपासणी. काकू रोज सकाळी घरात नकळत तीच पाहत होत्या.

मग मी नीट विचारत गेलो. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? "होतं ना! परवा तलावपाळीला मागून एका मुलाने आणून दिली." अंधारात कसं वाटतं? काका थोडे गप्प झाले. गडकरी रंगायतनला नाटकाला गेले होते, तिसरी घंटा होऊन दिवे गेले आणि त्यांना आपल्या खुर्चीपर्यंत जाताच येईना. काकूंचा खांदा धरून गेले. डोळ्यांचा नंबर वाढला असेल, असं समजून त्यांनी चष्मा बदलून घेतला होता.

तपासताना १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला. कंप अजिबात जाणवला नाही, घोट्यावरही नाही. डोळे मिटवून अंगठा वर-खाली केला तर कुठल्या दिशेला गेला ते सांगता येईना. आता जे दिसलं ते मधुमेहाच्या चौकटीत बसत नव्हतं. मधुमेहाने होणारी नसांची खराबी सहसा पायांपासून सुरू होते, हळूहळू वर चढते आणि गुडघ्यांच्या आसपास पोचल्यावर मग हातांच्या बोटांत येते. काकांच्या हातापायांना मुंग्या जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या होत्या. घोट्याचा रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर आपोआप येणारा झटका, नव्हता, पण गुडघ्याचा गरजेपेक्षा जोरात होता, आणि तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा खाली न जाता वर उठला. याचा अर्थ दुखणं नुसत्या पायाच्या नसांत नाही, मज्जारज्जूतही आहे. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडली होती. काकू म्हणाल्या, उन्हाने असेल.

माझा संशय ब जीवनसत्त्वांतल्या बी-१२ वर होता. रिपोर्ट आला आणि पहिल्या नजरेला निराशाच झाली. हिमोग्लोबिन जेमतेम कमी, बी-१२ दोनशेच्या थोडंसं वर, म्हणजे लॅबच्या हिशेबात 'नॉर्मल'. अशा वेळी कागद बाजूला ठेवून माणसाकडे पाहावं लागतं. काका चार महिने मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून घेत होते. त्यातलं थोडं बी-१२ रक्तातला आकडा वर ढकलायला पुरतं, मज्जारज्जूची झीज भरून काढायला नाही. दोनशे ते तीनशेच्या पट्ट्यात आकडा असला तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासतात. बी-१२ कमी पडलं की पेशींमध्ये या दोन्हींचा निचरा होत नाही आणि ती साचतात. काकांची दोन्ही चांगलीच वाढलेली होती. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या व्ही-सारखी पांढरी खूण दिसली.

रक्त बऱ्यापैकी ठीक आणि मज्जारज्जू मात्र आजारी, हे कोडं जुनं आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे, रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने त्या बायका बऱ्या होतात, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे ते प्रयोगशाळेत तयार केलं अमेरिकेतल्या एका गटाने, आणि त्याचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. ते हाती आल्यावर बी-१२ च्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयालाही डॉक्टरांनी ते देऊन पाहिलं. रक्त सुधारलं, पण नसा बिघडतच गेल्या. बी-१२ स्वतः १९४८ मध्ये लाल स्फटिकांच्या रूपात वेगळं झालं आणि मग उलगडा झाला: रक्त तयार करण्याच्या कामात फॉलिक ॲसिड बी-१२ ची उणीव झाकू शकतं, नसांवरच्या मायलिन वेष्टणाच्या कामात नाही. काकांच्या बी-कॉम्प्लेक्समध्ये फॉलिक ॲसिड होतंच.

दुसरा पडदा लोहाचा. बी-१२ कमी असलं की रक्तपेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही कमी असली तर सरासरी नेमकी मध्ये येते आणि रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे सीबीसीवर, काहीच वावगं दिसत नाही. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांच्या रक्तपेशी जन्मतःच लहान असतात, त्यांच्यातही असंच फसायला होतं.

यकृतात बी-१२ चा साठा काही मिलिग्रॅमचा असतो आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणून तो संपायला वर्षं लागतात. काकांच्या बाबतीत तीन गोष्टी जमून आल्या. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि दही-ताक कफ होतो म्हणून सोडलेलं. चहापुरत्या दुधातून मिळणार किती? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, ज्याने लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ चं शोषण कमी होतं. आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ मोकळं करायला जठरातलं आम्ल लागतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी सापडलं होतं, आणि शहरी मध्यमवर्गात सगळ्यात जास्त. शेवाळापासून केलेल्या स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की त्यात बरंचसं बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी द्रव्य असतं.

उपचार स्वस्त आहे. सुरुवातीला एक दिवसाआड इंजेक्शन, मग आठवड्याला, मग महिन्याला. याच लाल इंजेक्शनला आपल्याकडे 'ताकदीचं' म्हणतात आणि थकवा आला की मागून घेतात. ते मला मनापासून खटकतं, कारण तपासणीच्या आधी एक जरी टोचलं तरी रक्तातला आकडा फुगतो आणि निदान हातातून जातं. रक्त आठवड्याभरात प्रतिसाद देऊ लागतं. नसांना महिने लागतात, आणि किती भरून येईल ते किती लवकर सुरुवात झाली त्यावर ठरतं.

मेटफॉर्मिन चालूच ठेवलं, ॲसिडिटीची गोळी बंद केली. सहा महिन्यांनी काका एकटे, रिक्षा न करता आले. आग थांबली आहे, तोंड दोन्ही हातांनी धुतात. पेरांचा काळपटपणा निवळला आहे. ट्युनिंग फोर्क पुन्हा लावला. घोट्यावर सात सेकंद जाणवला. अंगठ्यावर अजून नाही. रात्री बाथरूमच्या वाटेवरचा दिवा चालूच ठेवा, असं मी त्यांना सांगितलं.