एसडब्ल्यूआर उतरला, पण रेझोनन्स आला का?

अ‍ॅनालायझरवर एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळतो याचा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ दिसला की अँटेना रेझोनन्सला आला असं धरून पुष्कळ हॅम (हौशी रेडिओवाले) मोकळे होतात. पण ही दोन मापं वेगळी आहेत. रेझोनन्सला रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे एक्स (पॉवर न खाणारा, फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलणारा अडथळा), शून्यावर येतो; रेझिस्टन्स (आर) तेव्हा कितीही असू शकतो. एसडब्ल्यूआर १ यायला एक्स शून्य आणि आर ५० ओहम, दोन्ही लागतात.

जमिनीपासून खूप उंच टांगलेला हाफ-वेव्ह डायपोल (अर्ध्या तरंगलांबीची, मधोमध केबल जोडलेली तार) रेझोनन्सला सुमारे ७३ ओहम दाखवतो, म्हणजे एसडब्ल्यूआर १.४६. तिथे तार कापत बसण्यात अर्थ नाही. उलट डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर) सगळ्या बँडवर १ दाखवतो, आणि सिग्नल काही बाहेर जात नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो क्वार्टर-वेव्ह व्हर्टिकल (पाव तरंगलांबीचा उभा अँटेना). चांगल्या ग्राउंडवर त्याचा आर ३६ ओहमच्या आसपास, एसडब्ल्यूआर १.४. रेडियल (बुडाशी जमिनीवर पसरलेल्या तारा) अपुरे असले की जमिनीतला लॉस समजा १४ ओहम भर घालतो. आकडा बरोबर १ होतो आणि २८ टक्के पॉवर मातीत जाते! रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर चढला तर ती चांगली खूण समजा.

केबलचं गणितही इथेच येतं. लॉस नगण्य असेल तर एसडब्ल्यूआर केबलभर तोच राहतो, आर आणि एक्स मात्र लांबीप्रमाणे बदलतात. त्यामुळे खोलीतल्या टोकाला एक्स शून्य दिसला तरी तो अँटेनाचा रेझोनन्स असेलच असं नाही. नॅनोव्हीएनए (हातात मावणारं मोजमापाचं यंत्र) असेल तर ओपन, शॉर्ट आणि लोड ही कॅलिब्रेशनची तीन टोकं केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लावून कॅलिब्रेट करा. केबलची लांबी बदलल्यावर एसडब्ल्यूआर चांगलाच हलत असेल, तर शील्डच्या (केबलच्या बाहेरच्या जाळीच्या) बाहेरून करंट वाहतोय. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडली जाते तिथे) चोक (हा करंट अडवणारी कॉइल) बसवा. लॉस मोठा असला की एसडब्ल्यूआरही खोटा पडतो. १४५ मेगाहर्ट्‌झला केबलमध्ये ६ डीबी जात असतील, तर टोकाला अँटेना नसतानाही मीटर १.७ दाखवेल.

आता ४० मीटरचा डायपोल घ्या. ७.१ मेगाहर्ट्‌झला आर ६०, एक्स उणे ३०: एसडब्ल्यूआर १.८ च्या जवळ. उणे म्हणजे तार तोकडी. अधिक असता तर लांब. साध्या अ‍ॅनालायझरवर एक्सचं चिन्ह दिसत नाही, म्हणून एक्स शून्य होतो ती फ्रीक्वेन्सी शोधा. ती ७.१ च्या वर निघाली तर तार तोकडी, खाली निघाली तर लांब. समजा ती ६.९५ निघाली आणि तार एकूण २०.६ मीटर असेल, तर २०.६ × ६.९५ ÷ ७.१, म्हणजे सुमारे २०.१७. प्रत्येक बाजूला सुमारे २२ सेंटिमीटर जास्त आहे. लगेच कापू नका. आधी १० सेंटिमीटर दुमडून तारेवरच घट्ट पिळा, अँटेना पुन्हा कामाच्या उंचीवर चढवा आणि मोजा, कारण खाली घेतलेलं माप वर टिकत नाही.

जोडण्याआधी कोअ‍ॅक्सची मधली पिन शील्डला क्षणभर टेकवा. लांब तारेवर साचलेला स्टॅटिक चार्ज अ‍ॅनालायझरचं इनपुट जाळू शकतो.